विंचू, अस्वल आणि चांदीचा हात : कोल्हापूरच्या संदर्भात रणगाडा पलटणींच्या चिन्हांचा आढावा

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणारी गाडी सुटली की थोड्याच वेळात वळिवडे येते. शेजारी गांधीनगर, कापडाची पेठ म्हणून साऱ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक असलेले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे इथे आली तेव्हा त्यांना ज्या बराकींत आसरा मिळाला, त्या आधी पोलिश निर्वासितांच्या होत्या. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. शाळा, चर्च, दवाखाना, नाटके, बालवीरांची पथके असे एक सबंध गाव त्यांनी पंचगंगेच्या खोऱ्यात उभे केले होते.

या छावणीबद्दल मराठीत लिहिले गेले आहे, आणि आपुलकीने लिहिले गेले आहे. पण त्या लेखनात एक प्रश्न बहुधा बाजूलाच राहतो. या घरांतले पुरुष कुठे होते? काही सोव्हिएत श्रमछावण्यांत मेले होते, काहींचा ठावठिकाणा लागत नव्हता, आणि पुष्कळ जण त्याच वेळी इटलीत ब्रिटिश आठव्या सैन्यात राहून जर्मनांशी लढत होते. त्यांतले काही शर्मन रणगाड्यांत बसून लढत होते. म्हणजे युद्धाच्या ऐन काळात कोल्हापूर हे एका परक्या सैन्याच्या बायकामुलांचे घर होते. दुसरीकडे त्याच आठव्या सैन्यात, त्याच इटलीत, मराठा पलटणी होत्या. त्यांची घरे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा, नगर या जिल्ह्यांत होती. एकाच मुलखातली घरे एकाच आघाडीकडे डोळे लावून बसली होती, आणि त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

हा इतिहास जोडायचा कसा? सरकारी दप्तरे लंडन, वॉर्सा, दिल्ली अशी विखुरलेली आहेत. लढाईवर गेलेली पिढी आता उरली नाही म्हटले तरी चालेल. हाती राहतात त्या लहान वस्तू: टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची पट्टी, बाहीवरचे कापडी चिन्ह, जुन्या फोटोतला रणगाडा आणि त्यावर रंगवलेली खूण. लष्करी चिन्ह मी अस्सल कागदपत्र मानतो. ते वाचता आले तर ज्याचे नावही ठाऊक नाही अशा सैनिकाची पलटण, त्याचे रणांगण, बऱ्याचदा सालसुद्धा सांगता येते. आपल्याकडे या विद्येकडे शौकिनांचा छंद म्हणून पाहिले जाते. त्यामुळे आपल्याच इतिहासाचा एक मोठा दुवा निसटतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी ही चिन्हे कशी वाचतात ते पाहू. सैनिकाच्या अंगावर ओळखीचे तीन थर असतात. टोपीवरचा बिल्ला रेजिमेंट सांगतो. सैनिकाच्या दृष्टीने रेजिमेंट हे त्याचे घराणे. बदली झाली, युद्ध संपले, तरी ते नाव सुटत नाही. खांद्यावरची पट्टी पलटणीचे किंवा देशाचे नाव अक्षरांत सांगते. आणि बाहीवरचे रंगीत चिन्ह सांगते की ही पलटण त्या वेळी कोणत्या डिव्हिजनमध्ये किंवा कोअरमध्ये लढत होती. हा तिसरा थर सर्वांत चंचल. पलटण एका डिव्हिजनमधून दुसरीत गेली की चिन्ह बदलते, आणि म्हणूनच काळ ठरवायला ते सर्वांत उपयोगी पडते. डिव्हिजनचे नाव शत्रूला कळू नये म्हणून आकड्याऐवजी चित्र वापरायची ही पद्धत. भारतीय डिव्हिजनांपैकी चौथीचे चिन्ह लाल गरुड, पाचवीचे आगीचा लाल गोळा, सतरावीचे काळे मांजर, तेविसावीचे झुंजणारा कोंबडा आणि पंचविसावीचे इस्पिकचा एक्का. मराठ्यांची पहिली बटालियन इटलीत आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. तिच्या बाहीवर क्लोव्हरची पाने होती.

रणगाड्यांची खूणभाषा वेगळी. ब्रिटिश पद्धतीच्या रेजिमेंटमध्ये बुरुजावर हिऱ्याचा आकार दिसला तर तो मुख्यालयाचा रणगाडा, त्रिकोण असेल तर ‘ए’ स्क्वाड्रन, चौरस ‘बी’, वर्तुळ ‘सी’. ब्रिगेडमध्ये तीन रेजिमेंट असतील तर ज्येष्ठ रेजिमेंटची खूण तांबडी, दुसरीची पिवळी, कनिष्ठ रेजिमेंटची निळी. पुढच्या पत्र्यावर डिव्हिजनचे किंवा ब्रिगेडचे चित्र आणि रंगीत चौकोनात एक आकडा. फोटो कितीही धूसर असो, आकार ओळखता आला तर तपास पुढे सरकतो. काळ्यापांढऱ्या फोटोत तांबडा आणि निळा रंग एकमेकांत मिसळतात, तिथे जाणकारही चुकतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, दोन-तीन खुणा जुळल्या तरच नाव घ्यावे.

आता वळिवड्याशी जोडलेल्या सैन्याकडे वळू. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसे सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलली. जुलै १९४१ मध्ये पोलंडशी करार झाला, बंदी सुटले, आणि पोलिश जनरल अँडर्स यांनी त्या अर्धपोटी माणसांतून सैन्य उभे केले. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून जास्त पोलिश माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सैनिक मध्यपूर्वेत प्रशिक्षणाला गेले. बायकामुलांना कोण घेणार हा प्रश्न होता. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली आणि पुढे कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची मोठी छावणी झाली. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते. संस्थानाचा कारभार तेव्हा रीजन्सीकडे होता. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तिथली मुलेही वळिवड्याला आली.

ज्या सैन्यात या मुलांचे बाप आणि भाऊ होते ते पोलिश दुसरे कोअर. त्याचे चिन्ह वॉर्सा शहराची जलपरी: एका हातात ढाल, दुसऱ्या हातात उगारलेली तलवार. या कोअरच्या चिन्हांत घराची ओढ उघड दिसते. पाचव्या डिव्हिजनने पूर्व पोलंडच्या जंगलातला रानबैल घेतला, कारण तिचे जवान त्या प्रदेशातले होते आणि तो प्रदेश सोव्हिएत ताब्यात गेला होता. तिसऱ्या डिव्हिजनने कार्पेथियन डोंगरातले देवदाराच्या जातीचे झाड घेतले. चिलखती ब्रिगेडच्या चिन्हात चिलखत घातलेला हात तलवार उगारून उभा आहे. हा हात जुन्या पोलिश घोडेस्वाराचा. या ब्रिगेडमध्ये तीन रणगाडा रेजिमेंट होत्या: पहिली क्रेखोव्हिएत्स्की उलान, चौथी ‘स्कॉर्पियन’ आणि सहावी, जिचे नावच ‘ल्वूवची लेकरे’ असे होते. ल्वूव हे शहर युद्धानंतर पोलंडला परत मिळाले नाही. त्या रेजिमेंटच्या जवानांनी ज्या गावाचे नाव अंगावर वागवले, त्या गावी त्यांना परत जाता आले नाही.

चौथ्या चिलखती रेजिमेंटची कथा जरा सविस्तर सांगायला हवी. ती मध्यपूर्वेच्या वाळवंटात घडली आणि तिथलाच विंचू तिने नावात आणि चिन्हात घेतला. अशा रेजिमेंटमध्ये पन्नासहून अधिक शर्मन असत, शिवाय टेहळणीसाठी हलके स्टुअर्ट रणगाडे. शर्मनमध्ये पाच माणसे: कमांडर, तोफची, तोफ भरणारा, चालक आणि उपचालक. माळरानावर हा तीस टनांचा रणगाडा जोरकस, पण ही रेजिमेंट जिथे लढली तो इटलीतल्या माँते कासिनोचा मुलूख माळरान नव्हता. मठाचा तो डोंगर, मागे खडकाळ कडे, अरुंद घळी आणि प्रत्येक वळणावर पेरलेले सुरुंग. जानेवारी १९४४ पासून अमेरिकन, न्यूझीलंडर, ब्रिटिश आणि भारतीय डिव्हिजनांनी तिथे आपटून रक्त सांडले होते. चौथ्या लढाईत, ११ मेच्या रात्री, डोंगराचे काम पोलिश कोअरकडे आले. त्याच रात्री खाली गारी नदीवर आठवी भारतीय डिव्हिजन पाण्यात उतरली.

इथे एक रस्ता येतो, आणि मराठी वाचकाने त्याची खास दखल घ्यावी असे मला वाटते. मठाच्या मागे अल्बानेता नावाच्या वाडीकडे रणगाडे नेता यावेत म्हणून डोंगरउतारावर ‘कॅव्हेंडिश रोड’ काढण्यात आला होता. तो लाल गरुडवाल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सॅपर्सनी न्यूझीलंडच्या इंजिनिअरांबरोबर, शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात, फोडून काढला. त्या डिव्हिजनच्या इंजिनिअर दलात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची कंपनीही होती. मार्चमध्ये त्या वाटेने गेलेला रणगाड्यांचा हल्ला फसला. मे महिन्यात पोलिश सॅपर्सनी ती वाट पुढे वाढवली आणि स्कॉर्पियनचे शर्मन तिच्यावरून अल्बानेताकडे चढले. १२ मे रोजी लेफ्टनंट लुडोमिर बियावेत्स्की यांचा रणगाडा सुरुंगावर गेला. आतली सगळी माणसे मेली. त्याच रणगाड्याचा सांगाडा आज तिथे स्मारक म्हणून उभा आहे. त्यावरचा क्रूस रणगाड्याच्या पट्ट्यांच्या तुकड्यांचा केलेला आहे. १८ मे रोजी मठाच्या ढिगाऱ्यावर पोलिश निशाण चढले. शेजारच्या पोलिश दफनभूमीत हजाराहून जास्त थडगी आहेत आणि १९७० मध्ये वारलेले जनरल अँडर्स यांनाही त्यांच्या जवानांजवळच पुरले आहे.

कासिनोनंतर ब्रिगेड एड्रियाटिक किनाऱ्याने वर सरकली. १८ जुलै १९४४ रोजी अँकोना बंदर घेतले, मग जर्मनांची गॉथिक लाइन ही बचावफळी, आणि २१ एप्रिल १९४५ रोजी पोलिश सैनिक बोलोन्यात शिरले. या मोहिमेनंतर पोलिश सैनिकांच्या बाहीवर आठव्या सैन्याची क्रूसाची ढालही आली. तो मान होता. एखाद्या पोलिश सैनिकाच्या फोटोत जलपरी आणि ती ढाल दोन्ही दिसत असतील तर तो फोटो कासिनोच्या आधीचा असू शकत नाही. चिन्हावरून काळ ठरवायचा म्हणजे काय, ते या एका उदाहरणात कळते.

क्रेखोव्हिएत्स्की उलान रेजिमेंटचा धागा तर सरळ वळिवड्यापर्यंत येतो. उलान म्हणजे भालाईत घोडेस्वार. घोडे गेले, रणगाडे आले, तरी या रेजिमेंटने भाल्याला बांधायच्या दुरंगी पताकेची चिमुकली प्रतिकृती गळपट्टीवर कायम ठेवली. नव्याने उभ्या राहिलेल्या चिलखती दलाची पताका काळी-नारिंगी. एकाच ब्रिगेडमध्ये जुने घोडदळ कोणते आणि नवे दल कोणते हे गळपट्टी पाहून कळे. या उलान रेजिमेंटचा एक अधिकारी झ्जिस्लाव पेश्कोव्स्की. १९३९ मध्ये तो सोव्हिएत कैदेत पडला आणि कोझेल्स्कच्या छावणीत गेला, जिथल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांना १९४० मध्ये कातिनच्या जंगलात गोळ्या घातल्या गेल्या. जे थोडे वाचले त्यांत हा होता. पुढे तो अँडर्सच्या सैन्यात आला आणि तिथून वळिवड्याला बालवीर-वीरबालांच्या पथकांचा प्रमुख म्हणून आला. रणगाडा रेजिमेंटच्या घोडदळी परंपरेतला हा माणूस कोल्हापूरच्या माळावर परागंदा मुलांना शिस्त, गाणी, शेकोटी आणि गाठी बांधणे शिकवत होता. नंतर तो धर्मगुरू झाला आणि २००७ मध्ये मरेपर्यंत कातिनच्या मृतांची आठवण जागी ठेवत राहिला. कोल्हापूरच्या इतिहासात या माणसाला जागा मिळायला हवी.

पोलिश चिन्हांपैकी एक चिन्ह सगळ्या जगाच्या परिचयाचे झाले: तोफगोळा उचलून चालणारे अस्वल. बाविसाव्या तोफखाना पुरवठा कंपनीने इराणात एक पिल्लू पाळले, त्याचे नाव व्होय्तेक. जहाजावर चढवताना अडचण येऊ नये म्हणून त्याची सैनिक म्हणून नोंद केली. कासिनोत ते जवानांबरोबर गोळ्यांच्या पेट्या वाहू लागले आणि कंपनीने तेच चित्र अधिकृत चिन्ह म्हणून मागून घेतले. व्होय्तेक १९६३ मध्ये एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पलटणीची चिन्हे वरून लादली जातात तशी खालूनही उगवतात, हे या अस्वलाने दाखवले; आणि खालून उगवलेलीच जास्त टिकतात.

आता आपल्या जवानांकडे. मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन सांग्रो नदीपासून सेनिओपर्यंत लढली. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओच्या उंच बांधावर नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना नदी आणि सुरुंगपट्टा ओलांडून सुरक्षित आणले, मग एकट्याने शत्रूची मशिनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर उभे राहून पलटणीचा जयघोष केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, डाव्या हाताला पोलिश कोअर हल्ला करत होते. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे वरच्या टायबर खोऱ्यात मशिनगनच्या ठाण्यावर एकटे तुटून पडले आणि तिथेच पडले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. एका सैन्याच्या दोन अंगांत मराठा आणि पोल होते, आणि मागे घरी एकाच जिल्ह्यात दोघांची माणसे होती. हा योग आपल्या शालेय पुस्तकांत अजून आलेला नाही.

कोल्हापूरचा आणखी एक धागा पूर्वेकडे जातो. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूरचे. जानेवारी १९४५ मध्ये अराकानच्या किनाऱ्यावर कांगॉच्या लढाईत ते दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे कमांडर होते. थिमय्या, सेन आणि थोरात या तीन भारतीय कमांडरांच्या बटालियन ज्या एक्कावन्न क्रमांकाच्या ब्रिगेडमध्ये होत्या, तिच्या बाहीवर पंचविसाव्या डिव्हिजनचा इस्पिकचा एक्का होता. थोरातांना या लढाईत डी.एस.ओ. हे शौर्यपदक मिळाले. कांगॉच्या खारफुटीत आणि चिखलात १९ लान्सर्सचे शर्मन उतरवले होते; रणगाड्याने जिथे जाऊ नये अशा जागी ते गेले आणि पायदळाला उपयोगी पडले. ही रेजिमेंट फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली. भारतीय चिलखती दलाचा इतिहास लिहिताना या वाटणीची अडचण सतत येते. जुनी निशाणे, चांदीची भांडी, नोंदवह्या, सगळेच वाटले गेले आणि काही रेजिमेंटचा अर्धा इतिहास सीमेपलीकडे राहिला.

कोल्हापूर संस्थानाची स्वतःची पलटण म्हणजे राजाराम रायफल्स. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि ही पलटण मराठा लाइट इन्फंट्रीच्या एकोणिसाव्या बटालियनच्या रूपाने पुढे चालू राहिली. संस्थानी फौजेचे बिल्ले थोडे घडले, थोड्या लोकांनी वापरले, आणि विलीनीकरणानंतर त्यांचा वापर थांबला. म्हणून ते दुर्मीळ. आज कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीचीच १०९ प्रादेशिक सेना बटालियन आहे, म्हणजे शहराचा त्या घराण्याशी संबंध चालू आहे. रेजिमेंटचे केंद्र बेळगावात, १९२२ पासून. ‘कर्तव्य, मान, साहस’ हे तिचे ब्रीद, आणि ४ फेब्रुवारी, सिंहगड सर झाल्याचा दिवस, हा तिचा रेजिमेंट दिन.

मराठी मुलखाचे नाव रणगाड्यावर घेऊन लढलेली रेजिमेंट मात्र वेगळी: पूना हॉर्स. १८१७ च्या पुणे तहातून, दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने, इंग्रजांनी उभे केलेले घोडदळ हा तिचा उगम. नाव पुण्याचे असले तरी पुढे तिच्यात राजपूत आणि जाट जवानांचा भरणा झाला. मराठी जवान मुख्यत्वे पायदळात राहिला. तिचे सर्वांत मोलाचे चिन्ह इराणातून आले. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाबच्या लढाईत तिच्या एका पूर्वज रिसाल्याने इराणी पायदळाचा चौकोन फोडला आणि त्यांचे निशाण जिंकले. त्या निशाणाच्या टोकावर चांदीचा पंजा होता, त्यावर कुराणातले वचन आणि १०६६ हे हिजरी साल कोरलेले. हरलेल्या शत्रूच्या श्रद्धेचे चिन्ह पूना हॉर्सने मानाने स्वतःच्या निशाणावर चढवले. पोलिश ब्रिगेडचा चिलखती हात आणि पूना हॉर्सचा चांदीचा हात शेजारी ठेवून पाहावेत: पहिला स्वतःच्या पूर्वजाचा, दुसरा शत्रूकडून घेतलेला, पण दोघांनाही आपले घोडदळाचे दिवस विसरायचे नव्हते.

या रेजिमेंटचे रणगाड्यांवरचे दिवस स्वतंत्र भारतात उजळले. १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर, फिल्लोरा आणि चाविंडाच्या लढाईत, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी सेंच्युरियन रणगाडे पुढे नेले. जखमी असूनही ते मागे गेले नाहीत आणि १६ सप्टेंबरला मारले गेले. सन्मानपत्रात नऊ रणगाडे गमावून शत्रूचे साठ रणगाडे नष्ट केल्याची नोंद आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये होते. पुण्यात जन्मलेला हा एकवीस वर्षांचा अधिकारी पेटलेला रणगाडा सोडायला तयार झाला नाही. दोघांनाही परमवीर चक्र. फामागुस्ता आज नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे. रणगाड्याला नाव देणे, बुरुजावर ते रंगवणे, हाही चिन्हांचाच भाग. क्रमांक कागदावर राहतो, माणसांच्या तोंडी नाव राहते.

नगरला १९९४ मध्ये सुरू झालेले घोडदळ रणगाडा संग्रहालय या सगळ्या आढाव्यात सर्वांत महत्त्वाची जागा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चिलखती गाडीपासून मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी रणगाडे, पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन आणि भारतीय विजयंतापर्यंत तिथे यंत्रे उभी आहेत. शाळांच्या सहली तिथे जातात, मुले तोफेच्या नळीशी फोटो काढतात. माझी एक सूचना आहे: प्रत्येक रणगाड्याशेजारी त्यावरच्या खुणांचा अर्थ सांगणारी मराठी पाटी असावी. त्रिकोण, चौरस, वर्तुळ यांचा अर्थ कळला की दहा वर्षांचे मूलसुद्धा त्या यंत्रात बसलेल्या माणसांकडे पाहू लागते.

चिन्हांचा काळ ठरवताना सर्वांत ठळक खूण म्हणजे मुकुट. १९५० पूर्वीच्या बऱ्याच भारतीय पलटणींच्या बिल्ल्यांवर ब्रिटिश मुकुट असतो. प्रजासत्ताक झाल्यावर त्याची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. पोलंडमध्ये कथा उलटी गेली. कम्युनिस्ट राजवटीने गरुडाच्या डोक्यावरचा मुकुट काढला. लंडनला राहिलेल्या अँडर्सच्या सैनिकांनी मुकुटाचा गरुड सोडला नाही, आणि १९९० मध्ये पोलंडने तो पुन्हा स्वीकारला. आपल्याला मुकुट उतरवणे हे स्वातंत्र्य वाटले, त्यांना मुकुट परत चढवणे. वळिवड्याच्या छावणीत शिवलेला, रंगवलेला, कोरलेला गरुड मुकुटाचाच होता, हे ध्यानात ठेवले तर ती माणसे कोणत्या पोलंडची होती ते कळते. याल्टाच्या करारानंतर त्यांचे गाव सोव्हिएत सीमेत गेले. म्हणून १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी होताना बरीच कुटुंबे पोलंडऐवजी इंग्लंडला, सैन्यातून सुटलेल्या आपल्या माणसांकडे गेली.

या विषयात नकलांचा मोठा उपद्रव आहे. जुन्या बाजारात मिळणारे पितळी बिल्ले पुष्कळदा अस्सल बिल्ल्याच्या साच्यावरून नव्याने ओतलेले असतात. ओतीव नकलेत कडा बोथट होतात, अक्षरे भरून येतात, मागच्या बाजूला बारीक छिद्रे दिसतात. ठोकून घडवलेल्या अस्सल बिल्ल्याची मागची बाजू पुढच्या नक्षीचा उलटा ठसा दाखवते. कापडी चिन्हांत धागा पाहावा; युद्धकाळातले काम हाताचे किंवा साध्या यंत्राचे असते, त्यात चकाकणारा कृत्रिम धागा सापडला तर ते चिन्ह नंतरचे. पण सर्वांत मोठे नुकसान नकला करत नाहीत, ते घरची माया करते. दसऱ्याला आजोबांची पदके चिंच लावून घासली जातात आणि कडेवरचा मजकूर दर वर्षी थोडा पुसला जातो. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती ओळ गेली की पदक उरते, माणूस जातो.

स्मृती जपण्याचे काम अगदीच झाले नाही असे नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचा दगड गावाने जपला आहे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीने गावाच्या नावातच सैनिक ठेवला आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत वाढलेली, आता वृद्ध झालेली पोलिश मंडळी पुन्हा वळिवड्याला येऊन गेली. लंडनच्या पोलिश इन्स्टिट्यूट आणि सिकोर्स्की संग्रहालयात त्या सैन्याची निशाणे आणि दप्तर आहे. वॉर्सात माँते कासिनोचे स्मारक आहे, तसेच २०१७ मध्ये उभारलेले कोल्हापूरचे स्मारकही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी दोन्हीकडे पुष्पचक्र वाहिले. वॉर्साला जे दोन धागे जोडावेसे वाटले, ते कोल्हापुरातही एका जागी दिसावेत. वळिवड्याच्या स्मृतिकामात छावणीच्या फोटोंशेजारी जलपरी, विंचू आणि रानबैल असावेत, आणि त्यांच्याच रांगेत लाल गरुड, क्लोव्हर आणि इस्पिकचा एक्का. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी करवीर, कागल, गडहिंग्लज, शिरोळ, चंदगड तालुक्यांत घरोघर जाऊन अशा वस्तूंची यादी करावी. वस्तू घरातच राहू द्याव्यात, नोंद तेवढी एकत्र व्हावी.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी पणजोबांचा, आजोबांचा बिल्ला, पदक, पट्टी किंवा गणवेशातला फोटो असेल तर तो घासू नका, पॉलिश करू नका. पुढून, मागून आणि कडेने त्याचे स्वच्छ फोटो काढा. ती वस्तू कोणाची, तो माणूस कोणत्या गावचा, कोणत्या पलटणीत होता, कुठे लढला असे घरात सांगतात, ते एका कागदावर तारीख घालून लिहा आणि सांगणाऱ्याचे नावही लिहा. गांधीनगर-वळिवड्याच्या जुन्या बराकींच्या पायात, माळ्यावर, अडगळीत परक्या लिपीतले काही सापडले तर भंगारात देण्याआधी जवळच्या इतिहास शिक्षकाला दाखवा. हे काम घरातली सांगणारी माणसे आहेत तोवरच होण्यासारखे आहे. या दिवाळीत सगळे घरी जमतील तेव्हाच ते उरकून घ्या.